दारामागचा हंडा

सिंधुबाईनं जाणती झाल्यापासून कधी दाराची कडी लावली नाही. ऐकायला ही गोष्ट साधी वाटते, पण करून बघा म्हणजे कळेल. लग्न होऊन ती अहमदपूरजवळच्या सासरी आली, तेव्हा पहिल्याच रात्री नवऱ्यानं कडी लावली आणि हिनं उठून काढली. शेषेरावानं पुन्हा लावली, हिनं पुन्हा काढली. सासूच्या कानावर गेलं तेव्हा तिनं चार बायकांत हसत सांगितलं, "आमच्या सूनबाईला लई उकडतंय म्हणं." शेवटी शेषेरावानंच तोड काढली. दारामागं पितळेचा रिकामा हंडा आणि त्याच्या काठावर तिरका तांब्या. दार कुणी ढकललंच तर भांडी आदळतील, म्हणजे लाजही राहिली आणि कडीही नको. पुढं एकदा चोर आला, हंडा घरंगळला आणि चोर चपला टाकून पळाला. त्यानंतर सासूनं तो विषय काढला नाही.

कडीचं कारण सिंधुबाई कुणाला सांगत नसे. तिचं माहेर औश्याच्या पलीकडं होतं. होतं म्हणायचं, कारण त्र्याण्णवच्या भूकंपात ते राहिलं नाही. त्या रात्री गणपती बोळवून गाव दमून झोपलं होतं. सिंधु तेव्हा परकरातली पोर, आणि ताईला नवा परकर मिळाला, आपल्याला नाही, म्हणून रुसून आजोबांजवळ ओट्यावर झोपली होती. जमीन गुरगुरली, जड मातीच्या छताचं माळवदाचं घर आतल्या आत बसलं आणि पुढचं दार मात्र चौकटीसकट उभं राहिलं. दाराला आतून कडी होती. वरचा भार चौकटीवर आल्यानं कडी अडकली होती. ताईचा आवाज दारापलीकडून येत होता, "सिंधे, कडी निघंना गं." सिंधु बाहेरून दार ओढत राहिली, आजोबा ओढत राहिले. माणसं धावून येईपर्यंत आतला आवाज थांबला होता.

तर अशी ही बाई पोरीच्या शिक्षणासाठी लातूरला आली. पुनम दहावीला तालुक्यात चमकली होती, आणि त्या काळात चमकलेलं पोर लातूरला नाही पाठवलं तर सोयरेधायरे तोंडावर विचारत, "का हो, काय कमी पडलं?" क्लास सुटला की रस्ता दिसत नसे, नुसत्या पाठीवरच्या बॅगा दिसत. नांदेड, उदगीर, देगलूर, कुठून कुठून पोरं आलेली, आणि त्यांच्यामागं डबे करायला आया. सिंधुबाई अशाच आयांपैकी एक. शेषेराव शेतावर राहिला आणि ही खोली शोधत फिरली.

घरमालक गुरुबसप्पांची बिल्डिंग तिला दिसली तेव्हा ती रस्त्यात उभीच राहिली. तीनच मजले, पण खांब असे, की दोन माणसांनी कवेत घ्यावेत. जिना तर बघण्यासारखा, रुंद आणि उजेडाचा. गुरुबसप्पांचंही गाव भूकंपात गेलेलं. नंतर लातुरात येऊन त्यांनी हे घर बांधलं तेव्हा गवंडीसुद्धा हसला होता, "अप्पा, घर बांधायलाव का धरण?" अप्पांनी ऐकलं नाही. लोखंड स्वतः बघून घालून घेतलं, पाणी स्वतः मारलं, आणि घर उभं राहिल्यावर रोज संध्याकाळी काठी टेकत ते वरपासून खालपर्यंत उतरत, पायरीवर कुणाची चप्पल दिसली की उचलून खाली फेकत. भाडेकरू चिडायचे. पण त्या जिन्यावर कधी काही पडलेलं दिसलं नाही.

"जिन्यात चपला न्हाईत, सायकल न्हाई, कुंडी न्हाई," अप्पांनी अटी सांगितल्या. "जमंल का?"

"जमंल," सिंधुबाई म्हणाली. "पर माझीबी एक गोष्ट हाय. मी दाराला कडी लावत न्हाई."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. "माहेर कोणतं?"

तिनं गावाचं नाव सांगितलं. अप्पांनी पुढं काही विचारलं नाही, दुसऱ्या मजल्यावरची खोली उघडून दिली आणि जिना उतरताना एवढंच म्हणाले, "ह्या जिन्यावरून गाय वासरासकट पळत उतरंल. बेफिकीर ऱ्हावा." त्या दिवसापासून सिंधुबाई खाली उतरली की पहिल्या खांबाला हात लावून तो कपाळाला लावायची. पुनमला फार लाज वाटायची. "आई, ते काय देऊळ हाय का?" ती म्हणायची. सिंधुबाईच्या मते होतं. भूकंपानंतर पहिल्यांदा ती छताखाली गाढ झोपली ती त्या घरात, आणि ज्या माणसानं असं घर उभं केलं त्याच्यापुढं तिला मान वर करून बोलवत नसे.

पुनम बारावीत गेली आणि अप्पांचे गुडघे गेले. पुतण्या मन्मथ त्यांना आपल्या बंगल्यावर घेऊन गेला आणि बिल्डिंगचा कारभार त्याच्या हाती आला. मन्मथ वाईट नव्हता. चुणचुणीत होता, आणि लातुरात तेव्हा चुणचुणीत माणसाला प्रत्येक भिंतीत खोली दिसायची. महिन्याभरात हॉलमध्ये प्लायवूडच्या भिंती आल्या, एका खोलीच्या तीन झाल्या, बाकीची कुटुंबं गेली आणि सगळी बिल्डिंग क्लासच्या मुलींनी भरून गेली. जिन्यात चपलांचे रॅक आले. मग पाण्याचे जार. मग कुणाची तरी मोडकी कॉट. बल्ब गेला तो गेलाच. हौदावरच्या मोटारीचे नट ढिले होऊन ती बसल्या जागी नाचायला लागली, तेव्हा मन्मथनं तिच्याखाली पोत्याचं तरट सारलं आणि काम झालं म्हणाला. सिंधुबाई रोज जिन्यातले रॅक भिंतीकडं सरकवायची, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मधे आलेले असायचे.

हे सगळं तिनं सोसलं असतं. पण दिवाळीनंतर जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं सरकतं दार बसलं आणि त्याला कुलूप लागलं. रात्री तर लागेच, शिवाय दुपारीही, मुली अभ्यासाला बसाव्यात म्हणून. किल्ली वॉचमन मारोतीच्या खिशात. लांबच्या पालकांना हे फार आवडलं. देगलूरहून आलेल्या एका वडिलांनी तर मन्मथला हार घातला.

सिंधुबाई मन्मथकडं गेली. "भाऊ, कुलूप काढा. येळ सांगून येत न्हाई."

"काकू, मुलींची बिल्डिंग आहे. काही कमी-जास्त झालं तर उद्या मलाच धरतील," मन्मथ म्हणाला. "आणि भूकंपाचं म्हणाल तर आता इतकी वर्षं झाली. ते सोडा आता डोक्यातून."

शेषेराव रविवारी ज्वारीचं पोतं घेऊन आला, तेव्हा तिनं त्याला खोली बदलू या म्हणून सांगितलं. पण परीक्षेच्या तोंडावर सगळं लातूर भरलेलं. मोकळ्या खोल्या होत्या त्या क्लासपासून लांब. आणि पुनमनं तर हातच जोडले. "आई, माझं वरीस घालवू नको. सगळ्या पोरी राहायल्यात ना? तुलाच काय झालंय?" लेकीचं वर्ष एकीकडं आणि ते कुलूप दुसरीकडं, यात आईनं काय निवडायचं? तिनं वर्ष निवडलं आणि पुन्हा तिची झोप गेली. दुपारी कुलूप लागल्याचा खडखडाट ऐकला की तिच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडायची.

फाल्गुनातली दुपार होती. हौद आटलेला, टँकर यायचा राहिलेला. मारोतीनं चुकून मोटारीचं बटण चालू ठेवलं, जाळीला कुलूप लावलं आणि टँकर कुठं अडला ते बघायला नाक्यावर गेला. कोरडी मोटार आधी घरघरली, मग तरटावरून सरकून भिंतीला भिडली आणि तिचा पाइप तीन मजले थरथरायला लागला. प्लायवूडच्या भिंती वाजायला लागल्या, मांडणीवरचे पेले किणकिणले, आणि भिंतीच्या पोटातून एक गुरगुर वर आली.

तो आवाज त्या भागातल्या माणसाला शिकवावा लागत नाही. पुण्यातल्या कुणी म्हटलं असतं, मोटार बिघडली. सिंधुबाईनं उलथनं उचललं आणि बाहेर धाव घेतली. तोंडातून "भूकंप" हा शब्द आलाच नाही. ती प्रत्येक दारावर उलथनं हाणत ओरडत होती, "कडी काढा! कडी काढा गं!"

दारं उघडली. कुणाच्या हातात पेन, कुणाचे केस ओले, सगळ्या मुली जिन्याकडं धावल्या. रॅक कोसळले, जार गडगडत खाली गेले, पण अप्पांचा जिना रुंद होता, त्या अडगळीतूनही त्यानं वाट दिली. सिंधुबाई वरचा मजला रिकामा करून शेवटी उतरली, आणि शेवटच्या वळणावर थबकली. खाली सगळ्या मुली जाळीला दाटल्या होत्या. जाळीतून बाहेर नुसते हात होते. सगळ्यांत पुढं, लोखंडाला गाल चेपलेला, पुनम होती. "आई," ती म्हणाली, "कुलूप निघंना."

सिंधुबाई तिथंच पायरीवर बसली. इतक्या वर्षांनी तेच वाक्य पुन्हा तिच्यापर्यंत आलं होतं, आणि या वेळीही तिच्या हातात काही नव्हतं.

तेवढ्यात मोटार जळाली. धुराचा वास आला आणि सगळं गप्प झालं. कुणीतरी म्हणालं, "अगं, मोटार होती!" एकदोघी हसल्या. मग हसू विरलं, कारण कुलूप तसंच होतं. रस्त्यावरची माणसं दगड घेऊन आली, कुलूप दाद देईना, आणि मुली उभ्या राहिल्या एकमेकींचा श्वास मानेवर घेत, मारोती धापा टाकत येईपर्यंत.

मन्मथ आला तो तणतणत. जळलेली मोटार, फुटलेले जार, रस्त्यावर जमलेली माणसं, सगळ्याला कारण एकच सापडलं. "काकू, तुमच्या डोक्यातल्या भूतामुळं एखादी पोर चेंगरली असती! उद्याच खोली खाली करा."

सिंधुबाई मान खाली घालून म्हणाली, "चुकलं भाऊ. मला वाटलं, आलाच."

"न्हाई चुकलं," पुनम म्हणाली. तिच्या गालावर जाळीचा वळ उठला होता. "आईचं न्हाई चुकलं. खराच आला असता तर आम्ही सगळ्या इथंच मेलो असतो. ही जाळी निघाल्याशिवाय मी वर जात न्हाई." आणि परीक्षेच्या तोंडावर एक तास वाया गेला तरी रडणारी ती पोर फुटपाथवर मांडी घालून बसली.

तिच्याशेजारी दुसरी बसली. मग तिसरी. मग बसायला जागा उरेना. ज्या मुली पुस्तकातून मान वर करायला तयार नसत, जेवताना सूत्रं पुटपुटत, त्या भर उन्हात रिकाम्या हातांनी बसल्या होत्या. क्लासची वेळ झाली तरी एकही उठली नाही. आपण पुनमला जन्म दिला हे खरं, पण ही एवढी मोठी कधी झाली, हे सिंधुबाईला कळलंच नव्हतं.

शेवटी रिक्षातून अप्पा आले. दोघांनी धरून उतरवलं. जाळीपाशी जाऊन लोखंडाला हात लावला, मग पुनमच्या गालाकडं बघितलं, आणि मन्मथला म्हणाले, "वेल्डिंगवाल्याला बोलीव." मन्मथ पालकांचं सांगू लागला. अप्पा म्हणाले, "पालकास्नी सांग, रातदिस इथं दोन माणसं बसतील. माणूस ठेव. कुलूप न्हाई." आणि जाळी कापून होईपर्यंत त्या रॅकच्या ढिगाऱ्यात, खालच्या पायरीवर बसून राहिले.

कटरच्या ठिणग्या उडत होत्या. सिंधुबाईनं त्यांना पाणी नेऊन दिलं. तांब्या हातात घेऊन अप्पांनी पहिल्यांदाच विचारलं, "आत कोण होतं तुझं?"

"आई. आन् ताई."

"माझी बायकू होती. बसम्मा," अप्पा म्हणाले. मग पाणी प्यायले. दोघं कापल्या जाणाऱ्या जाळीकडं बघत राहिले, आणि एवढ्या वर्षांत सिंधुबाईला पहिल्यांदाच वाटलं, की आपलं ओझं कुणीतरी दुसऱ्या बाजूनं धरलंय.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी उठली. पहिल्या बॅचला जायची वेळ होत होती. हंडा बाजूला करून ती जिना उतरली आणि मोकळ्या झालेल्या तोंडाशी खांबाला हात लावला. तेवढ्यात वर धाडकन भांडं आदळलं. मग दुसरं आदळलं, मग कुठंतरी बादली घरंगळली, मग डबा, मग ताट. आवाज मजल्यामजल्यावरून खाली येत होता. डोळे चोळत पुनम उतरली.

"काय गं हे?" सिंधुबाईनं घाबरून विचारलं.

"काई न्हाई आई," पुनम म्हणाली. "काल मी पोरींना तुझ्या हंड्याचं सांगितलं. रात्री कुणीच कडी लावली न्हाई. दारामागं भांडी ठेवली, आन् आता दार उघडताना इसरायल्यात."

वर अजून दारं उघडत होती. सिंधुबाई खांबाला टेकून उभी राहिली आणि प्रत्येक भांडं पडताना ऐकत राहिली. मग पुनमनं बघितलं, की आई रडतेय, आणि या वेळी तिला आईची लाज वाटली नाही. तिनंही खांबाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि क्लासला गेली.