दहा-सहाच्या गाडीला गर्दी

मिनेकुरा स्टेशन म्हणजे एक फलाट, एक बाक, एक तिकीटखिडकी आणि खिडकीमागे मित्सुए. गाडीसुद्धा एकाच डब्याची. मित्सुएचं वय एकाहत्तर, आणि बोट दाखवल्याशिवाय तिचं कुठलंच काम पुढे सरकत नसे. सिग्नलकडे बोट, "हिरवा, ठीक." घड्याळाकडे बोट, "दहा-सहा, ठीक." रेल्वेची शिस्तच ती: नुसतं पाहायचं नाही, तोंडानं म्हणायचं. पण मित्सुएनं ही शिस्त घरीही नेली होती. "गॅस बंद, ठीक." नवरा म्हणायचा, "अगं, मलाही एकदा बोट दाखव. नवरा जिवंत, ठीक."

त्याला जाऊन सहा वर्षं झाली. आता सकाळी घरात तिला हाक मारणारं कोणी नव्हतं. खिडकीशी मात्र रोज नऊ माणसं यायची आणि नऊ वेळा "आज गारठा आहे हो" व्हायचं. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

अशात कंपनीचं पत्र आलं. चौदा तारखेला हानावा साहेब पाहणीला येणार आणि मित्सुएची खिडकी चालू ठेवायची की बंद करायची ते ठरवणार. मित्सुएची झोप उडाली. तिनं शेजारच्या फुसाएला तेवढं सांगितलं आणि "कोणाकडे बोलू नकोस" असंही बजावलं.

फुसाए बोलली नाही. तिनं लिहिलं.

गावात एक फिरती पाटी असते. एका घरानं वाचायची, नावापुढे शिक्का मारायचा, पुढच्या घरी पोचवायची. एरवी तिच्यावर गटारसफाई नाही तर कुणाचे जास्तीचे मुळे. त्या आठवड्यात फुसाएच्या अक्षरात होतं, "चौदा तारखेला प्रत्येक घरातून एकानं दहा-सहाची गाडी धरावी. कुठे जायचं ते ज्याचं त्यानं बघावं." आणि शिक्का मारला म्हणजे माणूस बांधला गेला. ताप आला तरी बदली माणूस पाठवायचा. पाटीवर सत्तेचाळीस शिक्के पडले. मित्सुएच्या घरी तेवढी ती पोचली नाही.

चौदाला साडेनऊपासूनच खिडकीसमोर रांग. हानावा साहेब बाकावर वही उघडून बसलेले.

"सगळ्यांत स्वस्त तिकीट कुठलं?" पहिल्यानं विचारलं.

"पुढच्या स्टेशनचं. पण तिथे काहीच नाही."

"म्हणूनच स्वस्त असेल. द्या."

रांगेत एक्क्याण्णव वर्षांचे साकुझो आजोबाही होते. मित्सुए म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर या गाडीला शिव्या देता."

"आजही देईन. आत बसून."

साहेब फुसाएला म्हणाले, "गर्दी आहे."

"रोजचीच," फुसाए म्हणाली. तिकीट तिनं उलटं धरलं होतं.

गाडी आली. सत्तेचाळीस जण "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत चढू लागले आणि त्या सभ्यपणातच वेळ चालला. शेवटी आजोबा. त्यांचा एक पाय आत गेला आणि दुसऱ्या पायातला जोडा फटीतून रुळांवर पडला.

"राहू द्या तो, आत या!" फुसाए आतून म्हणाली.

"एका जोड्यानं उतरू? लोक काय म्हणतील?"

"तिथे लोकच नाहीत हो."

आजोबा दाराला धरून खाली वाकून बघत राहिले. घड्याळात दहा-सहा झाले. मित्सुएनं हात वर केल्याशिवाय चालक दार लावत नसे, आणि या मार्गावर अर्ध्या मिनिटाच्या उशिराबद्दलही प्रवाशांची माफी मागतात. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. मित्सुएला सगळं कळत होतं. तरी तिचा हात वर गेला नाही. ती आत जाऊन लांब चिमटा घेऊन आली, जोडा वर काढला, आजोबांच्या पायात घातला, त्यांना जागेवर बसवलं आणि मग दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "मोकळं, ठीक."

दहा-नऊ झाले होते.

गाडी गेली आणि अख्खं गावच तिच्याबरोबर गेल्यासारखं झालं. साहेबांनी विचारलं, "रोज इतकी माणसं असतात?"

"नऊ," मित्सुए म्हणाली. "बुधवारी डॉक्टर येतात, तेव्हा बारा."

खोटं तिला कधी जमलंच नव्हतं. पण बोलून गेल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्तेचाळीस जणांच्या मेहनतीवर तिनं एका शब्दात पाणी ओतलं होतं.

"आकडे मला कचेरीतच दिसतात," साहेब म्हणाले. "मी आलो होतो तुमचं वय बघायला. एकाहत्तराव्या वर्षी हे काम झेपतं का, घाई झाली की हात आपोआप वर जातो का, ते."

"तीन मिनिटं उशीर झाला."

"झाला ना. तो मला लिहावाच लागेल. त्याच्याखाली एक वर्षाची मुदतवाढही लिहितो."

मित्सुए कमरेतून वाकली ती वाकलेलीच राहिली, कारण डोळे भरून आले होते आणि ते साहेबांना दाखवायचे नव्हते. साहेबांनाही ते कळलं असावं. भिंतीवरच्या वेळापत्रकात सगळ्या मिळून चार गाड्या, पण ते त्यांनी बराच वेळ वाचलं.

"पुढच्या वर्षी पुन्हा येईन," शेवटी ते म्हणाले.

"या," मित्सुए सरळ होत म्हणाली. "पण आधी कळवू नका. आजोबांना परत झेपायचं नाही."