मूळ खातं कोणतं?

कर सल्लागाराने माझी दोन पासबुकं शेजारी शेजारी ठेवली आणि विचारलं, "मॅडम, हे दुसरं कोणाचं?"

"माझंच."

त्याने एकदा पासबुकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्याचं काही चुकत नव्हतं. एका पासबुकावरचं नाव दुसऱ्यावरच्या नावाशी कुठेच जुळत नव्हतं. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी अमळनेरच्या पोस्टात पीपीएफ उघडलं, ते जन्माच्या नावाने. मग लग्न होऊन धुळ्याला आले. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तिन्ही एका झटक्यात गेली. सासऱ्यांनी कौतुकाने बँकेत नव्या नावाचं दुसरं पीपीएफ काढून दिलं. मी दोन्हींत भरत राहिले. एका माणसाला एकच खातं, हा नियम मला कोणी सांगितला नाही, आणि त्या दोन बायका एकच आहेत हे सरकारलाही कळलं नाही.

यंदा पगाराचा फरक मिळाला. म्हातारपणाची सोय म्हणून तो दोन्हींत टाकला, आणि रिटर्न भरायला बसल्यावर बेरीज वर्षाच्या मर्यादेबाहेर गेलेली निघाली. सल्लागाराने समजावलं की वजावट मर्यादेपुरतीच मागायची, जादा भरलेलं बिनव्याजी परत घ्यायचं आणि दोन खात्यांचं एक करायचं. "मूळ खातं कोणतं ते तुम्ही ठरवा. दुसरं त्यात विलीन होईल."

बिनव्याजी म्हटल्यावर माझं डोकं तापलं. पोटाला चिमटा काढून वाचवलेला पैसा, आणि त्याला म्हणे 'अनियमित'! पण तेही मी गिळलं. मूळ खातं कोणतं, हा प्रश्न मात्र घशाखाली उतरेना.

नवऱ्याला त्यात प्रश्नच दिसला नाही. शेवभाजीत भाकरी कुस्करत ते म्हणाले, "बँकेचं ठेव. पॅन, आधार सगळं त्याच नावावर आहे. पोस्टातलं बंद कर, कटकट मिटेल."

कटकट म्हणजे माझं नाव! रेशनकार्डावरून ते गेलं, मतदारयादीतून गेलं, सेवापुस्तकातूनही गेलं. शाळेचे दाखले पेटीच्या तळाशी पडलेले. चालू असलेलं असं हे एकच पासबुक उरलं होतं. ते बंद झालं की त्या नावाची बाई संपली. मला ते नको होतं, साफ नको होतं.

मी अमळनेर गाठलं. आबा, म्हणजे माझे वडील, पोस्टात सोबत आले. कारकून म्हणाला, "ताई, हे खातं ठेवता येईल. पण पॅनवर जे नाव आहे ते इथे लावावं लागेल."

म्हणजे खातं वाचणार आणि नाव जाणार. आगीतून फुफाट्यात!

"नाहीतर पॅनच या नावाचं करून आणा," तो हसत म्हणाला. थट्टाच होती ती.

मी आबांकडे पाहिलं. ते उलट माझ्यावरच डाफरले, "नाव तुन्हं शे. माले काय इचारस?"

नाव माझं, मग आबांना विचारायचं कशाला? मी ती थट्टा मनावर घेतली. पेटी उपसून शाळेचा दाखला काढला. राजपत्रात नाव छापून आणलं, मग आधार बदललं, मग पॅन. हेलपाटे घालून चपला झिजल्या. नणंदेने फोनवर विचारलं, "वहिनी, काडीमोड घेताय की काय?" मी म्हटलं, "नवरा तोच आहे, फक्त नाव माझं आहे." सल्लागाराने कपाळावर हात मारला. जादा पैसे शेवटी बिनव्याजीच परत आले. त्या व्याजाची हळहळ अजून जात नाही, पण नावाची किंमत म्हणून मी ते व्याज सोडून दिलं.

बँकेचं खातं पोस्टातल्या खात्यात विलीन झालं आणि नवं पासबुक हातात आलं. नवऱ्याने ते उलटसुलट करून पाहिलं.

"यात मी कुठेच नाही का?" आवाज जरा पडलेलाच होता.

"आहात की. वारसदार म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे मी मेल्यावर सगळं तुमचं. तोवर माझं."