पाणी मागायची खूण

‘सदर कर्मचारी स्त्री असून अविवाहित आहे. वय निवृत्तीच्या अलीकडे, परंतु निवृत्ती दिसू लागेल इतके. विभाग : उद्वाहन तक्रार निवारण. वक्तशीरपणा : समाधानकारक. वर्तणूक : समाधानकारक. संवादकौशल्य : सुधारणेस वाव आहे. संघभावना : आढळून आली नाही. विशेष उल्लेखनीय : काही नाही.’

हे वर्णन आमच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने केलेलं आहे आणि त्यात खोटं असं काही नाही. उद्वाहन म्हणजे लिफ्ट. आमची कंपनी लिफ्ट बसवते, आणि बसवलेल्या लिफ्ट अडकतात म्हणून दुरुस्तही करते. आत अडकलेला माणूस लाल बटण दाबतो तेव्हा जाळीतून जो आवाज येतो तो या बाईचा. ‘घाबरू नका. आत हवा येते आहे. आमचा माणूस निघालाय.’ आमचा माणूस त्या वेळी बहुधा चहा पीत असतो. पण तिच्या आवाजात तो निघालेला असतो, आणि आतल्या माणसाला तेवढं पुरतं. दिवसभर परक्यांना धीर देणाऱ्या या बाईने मीटिंगमध्ये मात्र कधी तोंड उघडलं नाही, म्हणून संवादकौशल्याला वाव. सगळे तिला तक्रारताई म्हणत. तिने स्वतः आजवर एकही तक्रार केली नव्हती, पण नावं अशीच पडतात.

तिला एक खोड होती. फोनवर बोलताना तिचा मोकळा हात हवेत काहीतरी करत राही. बोटं ओठांशी जात, खांद्यावर टेकत, पुन्हा खाली येत. नवी पोरं एकमेकांना डोळा घालत. ‘ताई, डास फार झालेत का हो?’ ती हात मांडीवर ठेवी. जरा वेळाने तो पुन्हा वर येई.

त्या हाताचा इतिहास असा. तिचे वडील परदेशात एका कापडगिरणीत मागावर होते. ती नुकती शाळेत जाऊ लागली होती तेव्हा ते एकदाच सुट्टीवर आले. मागांच्या खडखडाटात तिथली माणसं तोंडाने बोलतच नसत, हातांनी बोलत. ती सवय ते घरी घेऊन आले. चार बोटं ओठांशी नेऊन दोनदा हलवली की पाणी. त्यांच्या उजव्या हाताची अनामिका मागाने पेरापाशी खाल्ली होती, त्यामुळे बोटं दिसत तीन आणि मधे एक फट. तोंडाने बोलायची वेळ आलीच तर ते ओरडत.

‘ओरडता कशाला? मी काय बहिरी आहे?’ आई म्हणे.

‘मी आहे ना!’ ते ओरडत.

पोरीला वाटलं, हा खेळ बाबांनी खास आपल्यासाठी काढलाय. धागा तुटला, मुकादम आला, माझ्याकडे बघ, पाणी. सगळ्या खुणा तिने उचलल्या, आणि जशा दिसल्या तशाच उचलल्या. अनामिका एकटी दुमडत नाही, करंगळी तिच्यामागून येतेच. म्हणून ती दुपारभर ते बोट दोऱ्याने तळव्याशी बांधून बसे. शेवटी जमलं. बाबा पोट धरून हसले. का हसले ते तिला कळलं नाही, पण खेळ छान चाललाय एवढं कळलं.

मग ते परत गेले. काही काळ पैसे आले, पत्रं आली, नंतर दोन्ही थांबलं. चौकशी केल्यावर गिरणी बंद पडल्याचं कळलं, माणसाचं काही कळलं नाही. आईने एक वाक्य ठरवून टाकलं : ‘तो कामावर आहे.’ दारावर कोणी विचारलं, नातलगांत विषय निघाला, तरी हेच. मामी एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, ‘एवढी लांबलचक पाळी असते तरी कुठल्या गिरणीत?’ आईने तिला आणखी वाढलं. लेक पुढे नोकरीला लागली, आई थकली, घर त्या वाक्यावर उभं राहिलं. ते काढून घेतलं तर काय कोसळेल हे लेकीला ठाऊक होतं, म्हणून तिने कधी कुठे शोध घेतला नाही.

आणि मग कंपनीने संघबांधणीची सहल काढली.

मनुष्यबळवाल्या साहेबांना दर वर्षी एक कल्पना सुचते. त्या वर्षीची होती ‘धागा : आपण सारे एक वस्त्र’. परदेशातल्या एका जुन्या कापडगिरणीचं हॉटेल झालं होतं. शनिवार-रविवार आम्ही तिथे गिरणीकामगार म्हणून राहायचं, त्यांचे कपडे घालायचे, माग चालवायचा आणि त्यातून एकजीव व्हायचं. परदेश परवडला कारण तिथल्या लिफ्ट आमच्या होत्या आणि हॉटेलवाल्यांनी खोल्या जवळजवळ फुकटात दिल्या.

‘कुठे नेतायत म्हणे?’ आईने विचारलं. ताईने देशाचं आणि गावाचं नाव सांगितलं.

आई वाटाणे सोलत होती, ती सोलत राहिली. ‘तिकडेच आहे तो. जा. स्वेटर ने.’

‘आई, त्या गावात एक का गिरणी होती? नदीच्या दोन्ही काठांना गिरण्याच गिरण्या होत्या.’

‘मी कुठे म्हटलं शोध म्हणून? स्वेटर ने म्हटलं.’

हॉटेल चांगलं होतं. खिडक्या मात्र डोक्याच्या वर. कामगाराला उजेड मिळावा पण बाहेर बघता येऊ नये, असा मूळचा हिशेब. लिफ्टच्या दारांवर गिरणीच्या शेवटच्या वर्षाचा फोटो माणसाच्या उंचीएवढा करून चिकटवला होता, सगळे कामगार रांगेत. दार उघडलं की गर्दी मधोमध फाटे, मिटलं की पुन्हा जुळे. आमचा इंजिनियर म्हणाला, ‘जोड बघा, केसही जाणार नाही.’ त्या जोडावर एका माणसाचा चेहरा आला होता. अर्धा या दारावर, अर्धा त्या. ताई बॅग हातात घेऊन तिथे उभीच राहिली. लिफ्ट आली, गेली, पुन्हा आली. वडिलांचा चेहरा तिला धड आठवत नव्हता, हात आठवत होते. आणि फोटोतल्या सगळ्यांनी हात पाठीमागे घेतले होते. मग ती जिन्याने गेली.

सकाळी आम्हाला निळे डगले आणि टोप्या मिळाल्या. कोणाच्या तरी अंगाच्या वाटाव्यात अशा धुवट, मऊ. मागखान्यात एकच माग चालू स्थितीत ठेवला होता, आणि त्याच्यासोबत एक म्हातारी विणकरीण. दोन्ही त्याच गिरणीतले, दोन्ही पाहुण्यांना दाखवायला. आमच्या मंडळींनी तासाभरात तिला मावशी करून टाकलं.

मावशीने माग सुरू केला. तो आवाज कानांत न शिरता दातांत शिरत होता. जमीन थरथरू लागली, वरच्या तुळयांवरची धूळ उन्हाच्या पट्ट्यांत उतरली आणि त्या धुरकट उजेडात निळ्या डगल्यांतले आम्ही एकमेकांना ओळखू येईनासे झालो. आधी आम्हाला खुणा शिकवून झाल्या होत्या. आता खेळ असा : म्हातारीने मागापाशी खुणेने निरोप द्यायचा, तो आम्ही रांगेने पुढे पोचवायचा, आणि शेवटच्याने फळ्यावर लिहायचा. शेवटची तक्रारताई.

‘धागा तुटला, मुकादम आला’ हा निरोप हिशेबनिसांपर्यंत नीट आला. त्यांनी तो पुढे दिला तो पोटात कळ आल्यासारखा. इंजिनियरने त्यात वाहतूक पोलिसाची भर घातली. पण ताई त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिने तो आमच्या डोक्यांवरून थेट वाचला होता, आणि तिचा हात तिला न विचारता वर गेला. कळलं, बघते, त्याने सांगितलं. मग घसा धुळीने कोरडा पडला होता म्हणून त्याने पाणी मागितलं.

मागापाशी उभ्या म्हातारीला दिसलं ते एवढंच : मागखान्याच्या दुसऱ्या टोकाला, धुळीत, निळा डगला आणि टोपी. आणि ओठांशी हललेली तीन बोटं, मधे फट.

म्हातारीने माग बंद केला. नीट केला नाही. धोटा मधेच अडकला आणि ताण्यातले बरेच धागे तुटले.

‘कोण होतं ते?’

आम्ही सगळ्यांनी ताईकडे बोट दाखवलं. संघभावना आमच्यात अशा वेळी दिसते.

म्हातारी रांगेच्या कडेकडेने चालत आली. तिने ताईचा उजवा हात घेतला, उलटा केला, सुलटा केला, अनामिका शेंड्यापर्यंत चाचपली. ‘बोट आहे की तुला.’

‘आहे.’

‘मग दुमडलंस कशाला?’

‘खूण तशीच आहे,’ ताई म्हणाली.

‘नाही. खूण चार बोटांची आहे.’

हे सगळं दोघींनाही तोडकंमोडकं येणाऱ्या तिसऱ्याच भाषेत चाललं होतं. इथे ते साफसूफ करून दिलंय. साहेबांना त्यातलं ‘खूण’ तेवढं समजलं. ‘वा! यालाच म्हणतात संवाद!’ ते म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर साखळी तोडून निरोप परस्पर घेतल्याबद्दल आमचा संघ बाद केला.

दुपारी बाकीचे सूत गुंडाळायच्या शर्यतीत असताना म्हातारीने दारातून ताईला खूण केली : माझ्याकडे बघ. मागच्या बाजूला एक बेसिन, एक किटली आणि दोन खुर्च्या मावतील एवढी खोली होती. दोघी बसल्या.

‘माझा नवरा तसं पाणी मागायचा,’ म्हातारी म्हणाली. ‘माझ्या शेजारचा माग त्याचा. पुढे गिरणी बंद झाली तरी घरात तसंच. मी समोर बसलेली, घरात चिटपाखरू नाही, तरी तोंडाने म्हणून मागायचा नाही. मघाशी मला वाटलं–’ ती थांबली. ‘धूळ होती.’

‘आता कुठे असतात?’

‘नऊ वर्षं झाली. दुपारचा जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही.’

ताई किटलीकडे बघत होती. आयुष्यभर तिने बंद दारामागच्या लोकांना ‘माणूस निघालाय’ म्हणून सांगितलं होतं. तिकडे घरी तिची आई तेच ऐकत आली होती, फक्त स्वतःच्याच तोंडून.

‘तुला कोणी शिकवलं?’

‘आमच्या शेजारी राहायचे ते,’ ताई म्हणाली. ‘सुट्टीवर आले होते. मी लहान होते.’

‘घरी कोण होतं त्याचं?’

‘आठवत नाही.’

‘तो म्हणायचा, कोणी नाही.’

‘मग नसेल.’

भिंतीपलीकडे आमची मंडळी शर्यतीत ओरडत होती, कोणीतरी कोणाला ‘अरे माकडा, उलटं गुंडाळतोयस!’ म्हणत होतं.

‘शेजाऱ्याच्या पोरीला कोणी एवढं शिकवत नाही,’ म्हातारी म्हणाली. आणि लगेच, ‘एकदा कर. परत.’

ताईने केलं. तीन बोटं, मधे फट, ओठांशी दोनदा.

म्हातारी उठली. तिने पेला विसळला, पाणी भरून समोर ठेवला आणि ताई ते संपवेपर्यंत हात डगल्याला पुसत उभी राहिली.

रविवारी म्हातारीची सुट्टी होती. न्याहारीच्या वेळी मात्र आमच्या पोरांना खुणांचा चांगलाच नाद लागलेला. जो तो ओठांशी बोटं नेऊन पाणी मागत होता, आणि कोणीतरी ‘ए, ताईंच्या स्टाइलने!’ म्हटल्यावर सगळेच अनामिका दुमडायचा प्रयत्न करू लागले. काहींना जमलंही. एका मेलेल्या माणसाचा हात टेबलाटेबलावर वर येत होता, आणि वेटर पाणी आणून देत होते. ताई पाव खात होती. ‘ताई, बरोबर ना?’ एकाने विचारलं. तिने त्याची करंगळी हलकेच सरळ केली आणि म्हणाली, ‘आता बरोबर.’

संध्याकाळी ती घरी पोचली. आईने दार उघडलं, स्वेटर हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

‘काय काय दाखवलं?’

‘गिरणी.’

‘चालू?’

‘एक माग चालू. बाकी खोल्या केल्यात.’

‘आवाज फार असतो म्हणायचा.’ आई स्वेटरची घडी घालू लागली. घडी झाली, तिने ती मोडली, पुन्हा घातली. ‘तुला कोणी भेटलं?’

यावर ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. वाक्य तसंच राहिलं असतं, घरही. ताईने चपला काढल्या, आईला खुर्चीत बसवलं, आणि सांगितलं. हातांनी नाही, तोंडाने.

आई रडली नाही. तिने घडी मांडीवर ठेवून विचारलं, ‘शेवटी जवळ कोण होतं?’

‘शेजारच्या एक बाई होत्या.’

दोन्हीकडे तिने शेजारधर्मच सांभाळला, असं म्हणता येईल.

सोमवारी सकाळी तक्रारताईने रजेचा अर्ज पाठवला. कारण : वडिलांचे निधन. मनुष्यबळ विभागाने दुपारच्या आत उत्तर दिलं. एरवी ते आठवडा घेतात. ‘आपण नमूद केलेली घटना नऊ वर्षांपूर्वीची असल्याने निकटच्या नातलगाच्या निधनाची विशेष रजा अनुज्ञेय नाही. अशी रजा घटना घडल्यापासून तात्काळ घेणे अपेक्षित असते. विलंबाचे समाधानकारक कारण दिलेले नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’

आईला ते निधन आदल्याच संध्याकाळी कळलं होतं.