कडी न लावलेले दार

दिग्दर्शकाची मूळ आवृत्ती पाहण्यापूर्वी चित्रपटगृहातली आवृत्ती आठवून घ्यावी, म्हणजे काय कापले होते ते कळते. बोईसरला यजमानांसोबत पाहिलेला तो चित्रपट समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईच्या उघड्या दारावर संपला होता. सालवडला परतताना हे कुरकुरत राहिले, "पुढं काय केलं तिनं? अर्धवटच संपवला की!"

"तुमची सेकंड शिफ्ट असली की आपल्या चाळीतल्या बायका करतात तेच. कडी न लावता पडून राहिली असेल," मी म्हणाले.

हे वारल्यानंतर, आता परवा मी मूळ आवृत्ती पाहिली. वाढीव दृश्यात ती बाई उठून दाराला कडी लावते. माझे उत्तर चुकले, असे यांना सांगायला मी दाराकडे वळले. आमची कडी अजून काढलेलीच होती.