उरलेल्या दहा गोळ्या

रंगाऱ्याचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि ते तसेच राहणार, हे घरच्यांनी कधीच मान्य केलं होतं. तीस वर्षं तो आणि त्याचा धाकटा भाऊ एकाच पत्र्याच्या छपराखाली, शेजारशेजारच्या दोन हौदांवर सूत रंगवत आले. मागे दोघांचे संसार, मधे एक भिंत. थोरल्याची नजर अशी की सुताची ओली लड पाहून वाळल्यावर तिचा रंग किती उतरेल ते सांगावं. आणि सवय अशी की हौदातला उरलेला रंग कधी ओतायचा नाही. तो झाकून ठेवायचा. पुढच्या हौदाला विरजण म्हणून तोच लागायचा.

त्या वर्षी थोरल्याला थंडी वाजून ताप भरला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. मलेरिया निघाला. ताप उतरवायच्या गोळ्या तीन दिवसांच्या होत्या. पण बाईंनी बोटातलं आणखी थोडं रक्त घेतलं, वेगळी तपासणी केली आणि मग चौदा दिवसांच्या चौदा गोळ्या लिहून दिल्या.

"रोज एक, जेवल्यावर. ताप गेला तरी चौदाच्या चौदा घ्यायच्या. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवायची आणि तडक इकडे यायचं."

चौथ्या दिवशी रंगाऱ्याला भूक लागली, पाचव्या दिवशी तो हौदावर उभा राहिला. उरलेल्या दहा गोळ्या त्याने तुरटीच्या डब्यात ठेवून दिल्या.

"संपवायला सांगितल्या होत्या ना?" बायकोने विचारलं.

"बऱ्या माणसानं औषध खाणं म्हणजे वाळलेली लड पुन्हा पिळणं. राहू दे. कधीतरी लागतीलच."

दोन महिन्यांनी लागल्या. धाकटा गोधडीखाली कुडकुडत पडला होता, दात वाजत होते. थोरल्याने दारातूनच निदान केलं.

"माझाच ताप हा. ओळखीचा आहे."

"भावजी, एकदा दवाखान्यात दाखवलं असतं," धाकट्याची बायको म्हणाली.

"दाखवून काय होणार? ती याच गोळ्या देणार. त्या घरात आहेत."

धाकट्याने मान डोलवली. दादाचा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता आणि गोळीसाठी मोडावा असं काही त्याला दिसलं नाही. रोज एक गोळी, जेवल्यावर. सांगितलं तसंच.

तिसरा दिवस संपून चौथी सकाळ उजाडली. थोरला हौद ढवळत होता. धाकटा भिंत धरून धरून आला आणि पायरीवर टेकला.

"दादा, आता मी आतूनही रंगलो. लघवीसुद्धा रंगीत!"

थोरला हसला. रंगाऱ्याची शिंकही निळी, ही त्यांच्या छपराखालची जुनी थट्टा. दोन वेळा काठी फिरवून झाल्यावर त्याचा हात थांबला.

"कोणता रंग?"

"काळपट तांबडा. कडक कोऱ्या चहासारखा."

महिनाभर छपराखाली निळीशिवाय दुसरा रंग भिजला नव्हता. थोरल्याने काठी सोडली, जवळ जाऊन भावाची पापणी खाली ओढली. आतलं मांस पांढरं पडलं होतं, डोळे पिवळे.

"हा आपल्या हौदातला रंग नाही," तो म्हणाला. "उठ. गोळी बंद. चल."

डॉक्टरीणबाईंनी सोबत आणलेला डबा पाहिला. आत सात गोळ्या.

"या कुणाच्या?"

"माझ्या."

"यांना कुणी लिहून दिल्या?"

रंगाऱ्याने निळे हात पाठीमागे नेले. "मी दिल्या."

बाईंनी आवाज चढवला नाही. तुमच्या रक्ताला ही गोळी सोसते की नाही ते आधी तपासलं होतं, त्या म्हणाल्या. काहींच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते. ही गोळी पोटात गेली की त्यांचं रक्त फुटायला लागतं. फुटलेलं रक्त लघवीवाटे दिसतं. पुढे मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. ताप तोच असेल, तरी रक्त ज्याचं त्याचं वेगळं.

धाकट्याला मोठ्या रुग्णालयात हलवलं. दोन बाटल्या रक्त चढवलं. माणूस वाचेल का, याचं उत्तर कुणी सरळ देईना. त्याची बायको बाकावर बसून होती. दिराशी ती बोलत नव्हती. थोरला रोज सकाळी परिचारिकेकडे एकच गोष्ट मागायचा.

"ती लघवीची बाटली एकदा दाखवता?"

"काका, लोक रुग्णाला बघायला येतात, तुम्ही बाटली बघायला!"

पण ती दाखवायची. तो ती खिडकीच्या उजेडात धरायचा. पहिल्या दिवशी चहा. दुसऱ्या दिवशीही चहाच. तिसऱ्या दिवशी त्याने बाटली जरा जास्त वेळ धरली आणि तिथे बसलेल्या आपल्या बायकोला हळूच म्हणाला, "उतरतोय." पाचव्या दिवशी रंग वाळल्या गवताचा झाला. त्याने बाटली परत दिली, भिंतीला टेकला आणि कापायला लागला. आनंदाने कापतोय असं परिचारिकेला वाटलं. हात लावला तर अंग तापलेलं.

"तुमचाच जुना ताप," दवाखान्यात रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषध अर्ध्यात सोडलंत, ताप यकृतात दडून बसला होता. आता पहिल्यापासून."

त्या सात गोळ्या बाईंनी ठेवून घेतल्या. धाकट्याला एक कागद मिळाला, ही गोळी याला चालत नाही असं लिहिलेला. जिथे जाशील तिथल्या डॉक्टरला आधी हा दाखवायचा, असं बजावलं. थोरल्याला नव्या चौदा.

धाकटा घरी आला तो पायरीवर बसूनच राहिला. दोन महिने त्याला हौदावर उभं राहता येणार नव्हतं. थोरल्याने छपराच्या वाशाला दोरी बांधली. जेवण झालं, गोळी गिळली की सुताचा एक पांढरा तुकडा हौदात बुडवून दोरीला लटकवायचा. नवव्या दिवशी सकाळी आठ हवे होते, तुकडे सातच भरले. काल कामाच्या गडबडीत एक राहिली होती.

"आज दोन घेतो," थोरला म्हणाला.

"कुणाला विचारून?" पायरीवरून प्रश्न आला. दादाला असं विचारायची धाकट्याची ही पहिलीच वेळ.

थोरला दवाखान्यात विचारून आला. दोन घ्यायच्या नाहीत. एकच, आणि शेवटी एक दिवस वाढवायचा.

पंधराव्या दिवशी धाकट्याच्या बायकोने दोरीखाली उभं राहून बोटाने मोजलं.

"चौदा, भावजी," ती म्हणाली. रुग्णालयानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली होती.

थोरल्याने गोळ्यांचा रिकामा डबा धुऊन पालथा घातला आणि हौदातला उरलेला रंग झाकायला गेला.