आबांनी ओळखलेलं कार्ड

कार्डाला चार कोपरे असतात आणि त्या चारही कोपऱ्यांवरून माणसं भांडतात. तीन वर्षं मी हे बघते आहे.

ही खेळायच्या पत्त्यांतली कार्डं नव्हेत. राक्षसांची, ड्रॅगनची चित्रं असलेली, शाळेतली पोरं अदलाबदल करतात ती. जुनी आणि नीट राहिलेली असली तर मोठी माणसंही ती हौसेनं विकत घेतात, हे मला बजाजनगरच्या एका भंगारवाल्यामुळं कळलं. कुठल्याशा कंपनीतले साहेब बदली होऊन गेले होते आणि त्यांच्या मुलांचा अख्खा अल्बम रद्दीत आला होता. मी तो उचलला तसा भंगारवाला हसला. "मॅडम, बच्चे कितने आपके?" म्हटलं, एकही नाही.

मी चितेगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. लोखंडाच्या तुकड्यांवरचे ओरखडे शोधण्यात माझा दिवस जातो. म्हणून वाटलं, कार्डांचं आपल्याला जमेल.

कार्डालाही गुण मिळतात, दहापैकी. एजंटमार्फत परदेशातल्या कंपनीकडं पाठवायचं. ते लोक कोपरे, कडा आणि वरचा पृष्ठभाग बघतात, चित्र चौकटीच्या मधोमध बसलंय का ते मोजतात, मग कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून, वर गुण चिकटवून परत पाठवतात. पाच-सहा महिने जातात. पहिल्या वेळी मी पाच कार्डं पाठवली, दहा पटीच्या भिंगाखाली एकेक कोपरा तपासून. मनात नऊ धरले होते. आले सहा आणि सात. गुण कशाबद्दल कापले, ते कुणी लिहीत नाही. दहावीच्या बोर्डानं निदान विषयवार तरी दिले होते.

तेव्हापासून मी बहुतेक कार्डं गुणांशिवायच विकते, एका ऑनलाइन साईटवर, स्वतःच्या शब्दावर. फोटो काढायचे, जे दिसतं ते खरं लिहायचं. पण ट्यूबलाइटचा एक पट्टा चमचमत्या कागदावर पडला की घेणारा म्हणणार, ओरखडा आहे. पट्टा टाळला तर म्हणणार, लपवताय. एकानं विचारलं, घरात कुणी सिगारेट ओढतं का, कार्डाला वास लागतो. सगळे मला "भाई" म्हणतात. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं.

गेल्या हिवाळ्यात आबा माझ्याकडं राहायला आले. आबा म्हणजे माझे वडील. आमचं घर मेंढरांचं. आता थोडी शेती आहे, भाऊ मजुरीलाही जातो, पण आबांची पन्नासेक मेंढरं अजून आहेत. त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू शहरातल्या दवाखान्यात काढला. महिनाभर थेंब टाकायचे, धूळ टाळायची. मेंढरांमागं धूळ टाळणं म्हणजे मेंढरं टाळणं, म्हणून ते शहरातच, गारखेड्यातल्या माझ्या दोन खोल्यांत काळा चष्मा लावून बसले. आणि बिडी ओढायला गॅलरीत जायला लागले, कारण मी त्यांना त्या वासाचं सांगितलं होतं.

"पत्त्याला वास लागतुय म्हून मी भाईर बसायचं?"

"व्हय आबा."

"लई भारी दिवस आले की."

आमच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी असते. पहिल्या शुक्रवारी मी भिंग घेऊन कार्डं तपासत होते, तर ते येऊन शेजारी बसले.

"काय बघायलीस?"

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. नव्या डोळ्याला लांबचं लख्ख दिसत होतं, पण जवळचं धूसरच, त्यामुळं भिंग त्यांना फारच मानवलं. आधी त्यांनी स्वतःचा अंगठा बघितला. मग ताटातली भाकर. मग कार्डावरचा निळा ड्रॅगन, आणि भिंग तिथंच धरून राहिले.

"बाई, ह्यात नुसता निळा रंग हायेच कुटं? समदे ठिपके हायेत. लाल, पिवळे, काळे बी."

मला आठवलं, मीही पहिल्यांदा असंच बघितलं होतं आणि अशीच थबकले होते. छपाई म्हणजे ठिपक्यांचं रान असतं, आणि लांबून त्याचा ड्रॅगन होतो. पुढं गुणांच्या मागं लागले आणि ते बघायचं राहून गेलं. मग मला कोपरे तेवढे दिसायला लागले.

तो निळा ड्रॅगन माझ्याकडचं सगळ्यात चांगलं कार्ड होतं. त्याच्यामागं चंदेरी चमचमता कागद, त्यावर गोल, ठिपके आणि चांदण्या विखुरलेल्या. दुसऱ्या राज्यातल्या एका माणसानं ते विकत घेतलं. मी पुठ्ठे कापून पॅकिंग करायला बसले, तेव्हा आबा म्हणाले, "थांब. जायच्या आधी बघू दे."

आबांची ही रीत मला ठाऊक आहे. मेंढरू विकलं की देताना ते त्याची हनुवटी हातात धरतात आणि तोंडाकडं नीट बघून घेतात. गिऱ्हाईक घाई करतं, टेम्पोवाला हॉर्न वाजवतो, तरी हे बघतच असतात. माझ्या लहानपणी मला त्याची लाज वाटायची. कार्डाचं त्यांनी तसंच केलं. प्लास्टिकच्या पाकिटातलं कार्ड खिडकीशी नेलं, भिंग लावलं, इकडून तिकडून कलवलं.

"आबा, कुरिअरवाला जाईल."

"जाऊ दे, उद्या येईल. ह्ये पुन्हा येनार नाय."

ते पुन्हा आलं. निदान मला तसं वाटलं. आठ दिवसांनी घेणाऱ्यानं साईटवर तक्रार टाकली की खालचा डावा कोपरा घासून पांढरा पडलाय, माल वर्णनाप्रमाणे नाही. पाठोपाठ पाकीट परत. उघडून बघते तर कोपरा खरंच पांढरा.

मी पाठवताना कोपरा असा नव्हता, ही माझी खात्री. पण खात्रीचा काय उपयोग? माझ्या फोटोत नेमका तोच कोपरा ट्यूबलाइटच्या पट्ट्याखाली गेला होता. साईटनं दोन दिवस दिले होते. तेवढ्यात पुरावा दिला नाही तर पैसे त्याला परत जाणार, माझ्या खात्यावर फसवणुकीचा शेरा बसणार, आणि खातं बंदही होऊ शकतं. तीन वर्षं मी एकेक कार्ड खरं लिहून विकलं होतं. तिथं मला कुणी बघितलेलं नाही, माझं शिक्षण कुणाला माहीत नाही. माझी तेवढीच पत होती, आणि ती एका पांढऱ्या कोपऱ्यावर जाणार होती.

आबा भिंग घेऊन आले. मी काही सांगितलं नव्हतं, फक्त कार्ड टेबलावर होतं.

"ही कुणाची?" मेंढीबद्दल विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"आपलीच की. परत पाठवली त्यानं. कोपरा खराब म्हणतो."

ते वाकले. फार वेळ लागला नाही.

"ही आपली नाय."

मी जरा तोडूनच बोलले. "आबा, हे मेंढरू नाही. यंत्रातून छापून निघतं. हजारो असतात, सगळी सारखी."

"आसंल. पर ही आपली नाय."

"कशावरून?"

"आपलीच्या डाव्या पंखाखाली भवरा व्हता. हिच्या नाय."

"कसला भोवरा?"

"चांदीवानी कागद हाय ना, त्याच्यावर. बैलाच्या कपाळावर आसतो तसा. कामून, तू बघितला नाय व्हय?"

मी तो बघितला नव्हता. तीन वर्षं ते कार्ड माझ्याकडं होतं, दहा पटीच्या भिंगाखाली मी त्याचा केसाएवढा ओरखडा शोधला होता, आणि भोवरा बघितला नव्हता. त्याला गुण नसतात ना.

मोबाइलवर मी माझे जुने फोटो काढले. पहिल्यात चमक, दुसऱ्यात चमक. तिसऱ्यात कार्ड जरा कललेलं होतं, चमक कोपऱ्यापुरतीच. मोठं केलं. डाव्या पंखाच्या खाली, दोन ठिपक्यांच्या मधोमध, एक बारीक चंदेरी वेटोळं होतं. परत आलेलं कार्ड खिडकीशी धरलं, तसंच कलवलं. पंखाखाली नुसते ठिपके.

म्हणजे माझं चांगलं कार्ड ठेवून घेऊन त्यानं स्वतःचं घासलेलं मला पाठवलं होतं.

मग मी शोधाशोध केली आणि समजलं की हा चमचमता कागद आधी वेगळा तयार होतो, चित्र त्याच्यावर नंतर छापतात. कागद दर वेळी थोडा इकडं तिकडं सरकतो. म्हणजे ड्रॅगन हजारो सारखे, पण कुठल्या ड्रॅगनच्या कुठल्या पंखाखाली काय येईल, त्याचा नेम नाही. प्रत्येकाचं आभाळ निराळं. हे मी वाचून आबांना सांगितलं तर त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

"मंग? तेच तर म्हनायलो."

"पण आबा, तुमच्या ध्यानात कसं राहिलं?"

"ध्यानात कशाला ठिवायचं? बघितलं नाय का आपन."

मला एवढंच उत्तर मिळालं. शाळा त्यांनी चौथीत सोडली. मी मात्र ध्यानात ठेवून ठेवून पदवीपर्यंत गेले, सूत्रं, व्याख्या, तक्ते. बघितलं म्हणजे राहिलं, असं मला एकाही गोष्टीबद्दल म्हणता येणार नाही. पन्नास मेंढरांची तोंडं हा माणूस डोक्यात घेऊन फिरतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण घरातल्या दाराचा कडी-कोयंडा माहीत असतो तसं. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या गोष्टीकडं मान वर करून बघितलं.

पुढचं काम माझं होतं, आणि तेही मी सांगणार, कारण ते मी चांगलं केलं. कारखान्यात खराब माल आला की पुरवठादाराला रिपोर्ट लिहावा लागतो. काय अपेक्षित होतं, काय आलं, फरक कुठं आहे, फोटोसहित. तस्साच लिहिला. दोन्ही कार्डांचे फोटो एकाच कोनात, शेजारी शेजारी. भोवऱ्याभोवती लाल गोल.

"आनिक सांगा," मी म्हटलं, "एकावर भागायचं नाही."

आबा खुर्चीत सरसावून बसले. "उजव्या काठाची पिवळी पट्टी आपलीची जाड व्हती. आन शेपटापाशी दोन चांदण्या येकमेकीला चिकटल्याल्या."

दोन्ही गोष्टी फोटोत निघाल्या. मी मोजपट्टी लावून पट्टीची रुंदीही लिहिली. इंग्रजीत तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. चौथ्यांदा पाठवलं. आबा मागं उभं राहून बघत होते, एक अक्षर कळत नसताना.

"मेंढरू म्हनू नको त्यात," ते म्हणाले. "हसतील."

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये मोबाइल वाजला. दोन ओळी होत्या. परत आलेली वस्तू विकलेली वस्तू नाही, हे फोटोंवरून दिसतं, तक्रार अमान्य, विक्रेत्याच्या खात्यावर शेरा नाही. मी डबा तसाच ठेवला आणि घरी फोन लावला.

"आबा, झालं. आपलं खरं ठरलं."

"खरं व्हतंच. त्येंनी फकस्त बघितलं." मग थोडं थांबून, "त्या मानसाला काय करनार?"

"काही नाही. कार्ड त्याच्याकडंच राहणार, पैसे दिलेत त्यानं. हे घासलेलं त्याला परत पाठवायचं."

"मंग बरंय. इकलं म्हंजी त्याचं झालं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र खूप होता.

संध्याकाळी मी पाकीट भरत होते, तेव्हा त्याच माणसाचा मेसेज आला. माफी नाही, काही नाही. एवढंच, "भाई, इतना कौन देखता है?"

मी वाचून दाखवलं. आबा डोळ्यात थेंब टाकून, मान मागं टाकून पडले होते.

"काय म्हनतुय?"

"म्हणतो, एवढं कोण बघतं."

"काय बी सांगू नको. उगं वाद वाढतुय."

मी ऐकलं नाही. हिंदीत लिहिलं, मी भाई नाही, मुलगी आहे. आणि बघणारे माझे वडील आहेत, मेंढरं राखतात.

आबांनी विचारलं, काय लिहिलंस. सांगितलं, तर बंद डोळ्यांनीच कपाळाला आठी घातली.

"मेंढरू म्हनू नको म्हनलो व्हतो ना."

"मेंढरू नाही म्हटलं. तुमचं सांगितलं."

थेंबाचं पाणी गालावरून ओघळत होतं, ते त्यांनी पुसायला हात वर केला. मी म्हटलं, हात लावू नका, पाच मिनिटं तसंच राहू द्या. आणि पाच मिनिटं मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसले.