समोरून सांगणारी शकु

वेळ संध्याकाळी साडेपाचची. स्थळ अंधेरी पूर्वेचा एक नाका. वर मेट्रोचा पूल, खाली रिक्षांची भांडणं, वडापावच्या कढईतून उठणारा धूर. पहिली घंटा झाली असं समजा, दुसरी झाली, ही तिसरी. गाळ्यांच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर लोखंडी सांगाड्यात उभा केलेला चाळीस फुटी विजेचा बोर्ड उजळतो आणि सबंध नाक्यावर निळा उजेड पडतो. बोर्डावर एक बाई साडी नेसून हसते. दहा सेकंद. मग चहा. मग मुलुंडमधले फ्लॅट. मग पुन्हा बाई.

हे सगळं तुम्हाआम्हाला दिसतं. श्यामसुंदर मेस्त्रीला दिसत नाही. तो बोर्डाच्या मागे, हातभर रुंद फळीवर, कमरेला पट्टा बांधून उभा असतो. मागे असतात त्या वायरी, लोखंडी पेट्या आणि उष्णता बाहेर फेकणारे पंखे. बोर्ड म्हणजे फूटभर लांबीच्या शेकडो पाट्या एकमेकींना चिकटवलेल्या. एक पाटी मेली की चित्रात काळा चौकोन पडतो. पण कुठली मेली, ते मागून कळायचं कसं? पुढे जाऊन नाक लावलं तरी लाल, हिरवे, निळे ठिपकेच. विंगेतल्या माणसाला नाटक कधी समोरून दिसत नाही, तसलाच प्रकार.

म्हणून श्यामसुंदर फोन लावायचा. रस्त्यापलीकडे, एका जिन्याखालच्या कोनाड्यात, साड्यांना फॉल-पिको करायला बसलेली त्याची बायको शकु तो उचलायची.

"शकु, कसं दिसतंय?"

"जोरात बोला! पंखे बोंबलतायत तुमचे."

"कसं दिसतंय म्हटलं!"

"बाईच्या गालावर तीळ आलाय. पाटीएवढा. नाकाच्या रेषेत धरा, उजवीकडे तिसरी."

"तुझी उजवी की माझी?"

"माझी हो! तुमची कधी बरोबर असते?"

तो पाटी बदलायचा. मग पलीकडून आवाज यायचा, "गेला तीळ. उतरा आता, चहा सांगितलाय."

ही त्यांची रीत काही आजची नव्हती. दोघंही मालवणकडची, दोघांचेही वडील गिरणीत. कांदिवलीच्या चाळीत गणपतीला नाटक असायचं आणि विजेचं काम शिकणारा श्यामसुंदर तिथे दिवे सांभाळायचा. एका वर्षी ऐन रडण्याच्या प्रवेशात, भरल्या प्रेक्षकांतून एक पोरगी उठून ओरडली, "ओ लाइटवाले, तिच्या तोंडावर काळोख आहे! रडतेय की हसतेय, काय कळेना!" सगळा मांडव हसला. श्यामसुंदरने दिवा फिरवला आणि पुढच्या मे महिन्यात त्या पोरीशी लग्न केलं. तेव्हापासून तो उजेड पाडायचा आणि शकु समोरून सांगायची.

पहिली कुरकुर देवव्रतकडून आली. देवव्रत म्हणजे बोर्डाच्या कंपनीतला तिशीतला सुपरवायझर. पोरगा चांगला, श्यामसुंदरला काका म्हणायचा. त्याने मोबाइलवर एक यादी दाखवली. "काका, सहा महिन्यांत नऊ तक्रारी. जाहिरातवाले फोटो पाठवतात. काळा पट्टा पडलाय आणि तुम्ही ओके म्हणून कळवलंय. असं नव्हतं हो तुमचं काम."

श्यामसुंदरने यादी वाचली. नऊच्या नऊ बिघाड बोर्डाच्या कडेचे. मधला एकही नाही. पक्क्या कारागिराच्या डोक्यात जे येईल तेच त्याच्या डोक्यात आलं : कडेने पाणी शिरतंय. त्याने सिलिकॉनच्या नळ्या आणल्या, चारी कडा खरवडून पुन्हा बुजवल्या, कबुतरांची घरटी काढली. त्यात दोन महिने गेले. बिघाड व्हायचे ते होतच राहिले, ते तो रोज चढून दुरुस्त करायला तयार होता. पण ते त्याला कळवत कोणी नव्हतं.

मग त्याचं डोकं फिरलं. एका संध्याकाळी तो तणतणत खाली आला. "काय गो, लक्ष कुठे असतं तुझं? गिऱ्हाइकांशी गप्पा मारत मला वर हो-हो करतेस? माझी भाकरी जाईल!"

"मी बघूनच सांगते."

"मग बघ आता. माझ्यासमोर बघ."

शकु सुईत दोरा ओवत होती, तो तिने आधी ओवला, एका फटक्यात, नेहमीसारखा. मग मान वर केली. "बाई हसतेय. साडी मोरपंखी. सगळं झकास आहे."

श्यामसुंदर तिच्या शेजारी उभा होता. बाई हसत होती. साडी मोरपंखी होती. आणि बोर्डाच्या डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, दोन दरवाजे मावतील एवढा काळा पट्टा होता.

त्याने नुसता आपला हात तिच्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणला. हात डोळ्यासमोर येईपर्यंत ती बोर्डाकडेच बघत होती. मग दचकली. "अगो बाई! हे काय?"

चौकटीला अंग लागायचं, बाजूने आलेली रिक्षा एकदम अंगावर यायची, हे शकुला वर्षभर जाणवत होतं. पण सुईत दोरा जात होता ना! ज्याच्या सुईत दोरा जातो त्याच्या डोळ्यांना काय झालंय, असं तिचं गणित.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर संघमित्रांनी तिला एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. आत बारीक ठिपके लुकलुकायचे. दिसला की बटण दाबायचं. श्यामसुंदर बाजूच्या स्टुलावर बसून बटणाचा आवाज ऐकत होता. टक. टक. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग टक.

डॉक्टरांनी कागद पुढे ठेवला. काळाकुट्ट चौकोन आणि मधोमध बशीएवढी पांढरी जागा. "मेस्त्री, याला काचबिंदू म्हणतात. हा कागद कसा वाचायचा, सांगते."

"वाचता येतो," श्यामसुंदर म्हणाला. असले नकाशे त्याने आयुष्यभर वाचले होते. त्याने काळ्या भागावरून बोट फिरवलं. मग त्याने विचारलं, "बाई, पाटी गेलीय की केबल?"

डॉक्टरांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "केबल. मागची नस सुकलीय."

"बदलता नाही येत?"

"नाही. थेंब घाला, जमल्यास ऑपरेशन करू. आहे ते टिकवायचं. गेलेलं परत येत नाही."

घरी जाताना रिक्षात शकु म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी बसवलं असतंत. मग वर चढून विचारलं असतं कोणाला? त्या वडापाववाल्याला?"

थेंब घातले. ऑपरेशनही झालं. तरी दोन वर्षांत ती बशी वाटीएवढी झाली, मग रुपयाएवढी, शेवटी तीही गेली. पिकोच्या मशीनवर शकुने चादर घातली, पण कोनाडा सोडला नाही. शेजारच्या बायका साड्या आणून द्यायच्या. ती हाताने चाचपून टाके घालायची, दोरा दुसरं कोणीतरी ओवून द्यायचं.

या काळात कंपनीने समोरच्या खांबावर कॅमेरा लावला. पाटी मेली की तिचा नंबर आपोआप देवव्रतच्या मोबाइलवर यायचा. "काका, आता काकूंना त्रास नको," देवव्रत म्हणाला.

"मला त्या कॅमेऱ्यातलं कळत नाही," श्यामसुंदर म्हणाला. कळत सगळं होतं. पण चढायच्या आधी तो नाक्यावर उभा राहून बोर्डाची सगळी फेरी पाठ करायचा, बाई, चहा, फ्लॅट, पुन्हा बाई, आणि मग वर जाऊन फोन लावायचा.

"शकु, कसं दिसतंय? आता चहा लागला असेल ना?"

"हो. लागलाय."

"कपातून वाफ नीट येतेय?"

"येतेय हो. सगळं नीट आहे. उतरा."

नाटकात वाक्य विसरलेल्या नटाला पडद्याआडून हळूच शब्द पुरवणारा एक माणूस असतो. श्यामसुंदर आता ते काम करू लागला होता. नट कधी चुकला नाही. प्रेक्षक कोणी नव्हतेच.

गेल्या मार्चमध्ये बोर्डाच्या उंचीची परवानगी संपली आणि तो उतरवायचं ठरलं. दुपारी चार वाजता श्यामसुंदर आपला पाना, टेस्टर आणि कमरेचा जुना पट्टा आणायला शेवटचा वर चढला. वीज सकाळीच तोडली होती. अर्ध्या पाट्या काढून गच्चीवर पत्र्याच्या डब्यांसारख्या रचून ठेवल्या होत्या, उरलेल्या काळ्या. तो फळीवर जरा टेकला. काढलेल्या पाट्यांच्या भोकांतून खालचा कोनाडा दिसत होता. शकु समोर तोंड करून बसली होती. तिचा चेहरा बोर्डाकडेच होता.

त्याने फोन लावला. खाली तिने तो चाचपून उचलला.

"शकु, कसं दिसतंय?"

उत्तराची वाट न बघता तोच पुढे म्हणाला, "बाई लागलीय ना? साडी नेसलेली? शेवटचा दिवस आहे म्हणून नवी साडी दिलीय तिला. हसतेय बघ."

पलीकडे तिने फोन कानाशी दाबून ऐकलं. मग शकु हळू आवाजात म्हणाली, "पंखे बंद आहेत. आज तुम्हाला ओरडावं लागत नाहीये. बंद बोर्डावर कसली साडी हो?"

श्यामसुंदरने हातातला पाना फळीवर ठेवला. शकुच पुढे म्हणाली,

"बरं, साडी कुठल्या रंगाची ते तरी नीट सांगा. फॉल त्याच रंगाचा लावायला हवा."